दहाचा गठ्ठा: पहिली ते तिसरीच्या मुलांना गणित शिकवायला घेताना

नव्याने रुजू झालेले शिक्षक, वस्तीवर संध्याकाळचा वर्ग घेणारे ताई-दादा आणि घरी मुलाला घेऊन बसणारे आई-बाबा, अशा तिघांसाठी हा लेख आहे. पहिली ते तिसरीच्या पुस्तकात मोजणी, बेरीज, वजाबाकी, पाढे, नाणी-नोटा, घड्याळ असे बरेच धडे दिसतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दहा सुट्या वस्तू म्हणजेच दहाचा एक गठ्ठा, हे मुलाला आतून कळायला हवं आणि गठ्ठा केव्हा बांधायचा, केव्हा सोडायचा हे हाताला यायला हवं. हातच्याची बेरीज, वजाबाकी, पुढे गुणाकाराची मांडणी आणि भागाकार, सगळं यावर उभं राहतं. हे कच्चं राहिलं की मूल रीत पाठ करून तिसरीपर्यंत कसंबसं निभावतं आणि चौथीत भागाकाराशी येऊन अडतं.

तिसरीपर्यंत मुलांचं वाचन-लेखन आणि गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं लक्ष्य ठेवलं आहे. लक्ष्य योग्यच आहे. पण आकड्यांच्या घाईत गठ्ठ्यांवरचे दिवस कापू नका. पहिलीत त्यावर दोन महिने गेले तरी ते दुसरीत भरून निघतात.

आधी सामान जमवा

चार मुलांच्या एका गटाला एवढं पुरतं:

- चिंचोके ४०, म्हणजे प्रत्येकी १०. प्रत्येक चिंचोक्याची एक बाजू खडबडीत फरशीवर घासा. तपकिरी साल जाऊन पांढरी बाजू दिसली की झालं. हे काम मुलांनाच द्या, त्यांना ते फार आवडतं.
- खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या १२०, सगळ्या साधारण सारख्या लांबीच्या, आणि रबरबँड १२.
- अंड्यांचा कागदी ट्रे २. ट्रेमध्ये ५ × ६ असे ३० खळगे असतात. एक अख्खा ठेवा. दुसरा सहाच्या बाजूने दोन-दोन ओळींवर कापला की पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळींचे तीन तुकडे निघतात. ही तुमची दहाची चौकट. ट्रे कोरा घ्या, वापरलेला असेल तर उन्हात वाळवून घ्या. एखाद्या घरी अंड्याचा ट्रे चालत नसेल तर पुठ्ठ्यावर दहा घरं आखली तरी तेच काम होतं.
- पुठ्ठ्याची कार्डं. सुट्यांची १ ते ९, दशकांची १० ते ९०. दशकाचं कार्ड सुट्याच्या बरोबर दुप्पट रुंद हवं. ८ सेंमी आणि ४ सेंमी धरा.
- पाटी आणि खेळातल्या नोटा, फक्त १, १० आणि १०० च्या. २, ५, २० आणि ५० च्या नोटा सुरुवातीला बाजूलाच ठेवा, त्या दशकाची घडी विस्कटतात.

विकतची गणितपेटी असेल तर उत्तम. पण आधीच दहा-दहाचे जोडलेले ठोकळे पहिल्या दिवशी काढू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

पहिली पायरी: मोजता येतं का ते बघा

“आमच्या पोराला शंभरपर्यंत येतं” असं घरचे सांगतात तेव्हा त्याला म्हणता येतं, एवढाच त्याचा अर्थ. मोजता येणं वेगळं. मुलासमोर १३ चिंचोके विखरून टाका आणि मोजायला सांगा. बोट चिंचोक्यावर पडायच्या आधीच तोंड पुढे पळत असेल, तर एका वस्तूला एक नाव हे अजून बसलेलं नाही. मग मोजलेला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकत टाकत मोजायला लावा. आठवडाभरात तोंड आणि बोट जुळतं.

तेरा म्हणून झालं की लगेच विचारा, “मग किती आहेत?” मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला कळलेलं नाही. त्यानंतर तेच चिंचोके लांब रांगेत पसरा आणि विचारा, “आता किती?” “जास्त झाले” असं उत्तर आलं तर रागावू नका. पाच-सहा वर्षांच्या कित्येक मुलांना पसरलेली रांग मोठीच वाटते. पसरा, गोळा करा, परत मोजायला लावा. हे मुलाला सांगून पटत नाही, हाताने करूनच पटतं.

अंक उलटे लिहिणं या वयात नेहमीचंच. देवनागरीत ३ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल जास्त दिसते. लाल शाईची फुली मारण्यापेक्षा ओल्या बोटाने पाटीवर मोठा अंक गिरवून घ्या.

दुसरी पायरी: पाच आणि दहा फोडणं

पाच चिंचोके ओंजळीत हलवून फेकायचे. तीन पांढरे, दोन तपकिरी पडले की म्हणायचं, “तीन आणि दोन पाच.” पुन्हा फेकायचे. रोज दहा मिनिटं, मुलं कंटाळत नाहीत. चार-पाच दिवसांनी तुम्ही पांढरे तेवढे उघडे ठेवा, बाकीचे तळहाताखाली झाका आणि विचारा, “किती लपले?” उत्तर बोटं न मोजता आलं की दहा चिंचोके घ्या. दहाच्या जोड्या (९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४, ५ आणि ५) झोपेतून उठवून विचारल्या तरी याव्यात. पाढ्यांइतकंच हे महत्त्वाचं आहे, तरी बहुतेक वर्गांत यावर दोन दिवससुद्धा दिले जात नाहीत.

दहाची चौकट इथेच वापरायची. ८ + ५ साठी चौकटीत आठ चिंचोके ठेवले की दोन खळगे रिकामे दिसतात. पाचातले दोन तिथे टाकले, बाहेर तीन उरले, झाले तेरा. ‘दहा पुरे करून पुढे जायचं’ ही सवय लागली की बोटांवरची बेरीज आपोआप सुटते.

एक चूक हमखास भेटते. आठच्या पुढे पाच मोजताना मूल “आठ, नऊ, दहा, अकरा, बारा” म्हणतं आणि १२ सांगतं. आठ हा आधीच झालेला, त्यालाच ते पुन्हा धरतं. अंगणात ठिकरीसारखी घरं आखा. मुलाला आठच्या घरात उभं करा आणि पाच उड्या मारायला सांगा. पहिली उडी पडते तीच नऊवर, हे पायांना कळतं.

तिसरी पायरी: गठ्ठा बांधणं

मूठभर काड्या द्या. किती ते सांगू नका. “दहा झाल्या की रबर लावायचं” एवढाच नियम. समजा चौतीस काड्या आहेत. मूल दहा मोजतं, रबर दोनदा गुंडाळतं, कधी काड्या निसटतात, पुन्हा मोजतं. या खटपटीतच दशक तयार होतं, म्हणून तयार जोडलेले ठोकळे इथे कामाचे नाहीत. जो गठ्ठा आपण बांधला तोच आपल्याला सोडता येतो. तयार ठोकळ्याचे दहा सुटे मुलाला करता येत नाहीत. बाईंकडून बदलून घ्यावे लागतात आणि दहाचं नातं तिथेच तुटतं.

समोर तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या आल्या की विचारा, “सगळ्या मिळून काड्या किती?” उत्तरं तीन तऱ्हांची येतात.

“सात” म्हणणारं मूल गठ्ठा आणि सुटी काडी दोन्हींना सारखंच ‘एक’ धरतं. त्याला गठ्ठा सोडून दाखवायला सांगा. एका गठ्ठ्याच्या बदल्यात त्याच्या मित्राला एकच काडी द्या आणि सौदा बरोबर झाला का ते दोघांना ठरवू द्या. दुसरं मूल गठ्ठ्यांतल्या काड्यांवर बोट ठेवत एकपासून चौतीसपर्यंत मोजतं. उत्तर बरोबर असलं तरी त्याला अजून दशक दिसत नाही. त्याच्याबरोबर गठ्ठे उचलत “दहा, वीस, तीस” म्हणा आणि मग सुट्यांकडे वळा. तिसरं मूल सरळ “दहा, वीस, तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस” असं मोजतं. ते पुढे जायला तयार आहे.

पहिल्या दोघांना तिसऱ्याबरोबर हातच्याच्या बेरजेला बसवलं तर पुढचं वर्षभर तेच दुरुस्त करत बसावं लागतं. काड्यांनंतर पाटीवर चित्र काढायचं, गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी ठिपका. अंक त्यानंतर. आधी वस्तू, मग चित्र, मग अंक, हा क्रम प्रत्येक नव्या गोष्टीला पाळा.

चौथी पायरी: मराठी संख्यानामं

आपल्या भाषेत ही वेगळी अडचण आहे आणि तिला वेगळा वेळ द्यावाच लागतो. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग साठ. लिहायचं मात्र उलट. म्हणून मूल ऐकल्या क्रमाने ३६ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही, कान जे सांगतो तेच हात लिहितो. त्यातच त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव अशी जोडाक्षरं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण समजावून सांगितली होती. वर्गात दोन्ही नावं बिनधास्त वापरा. ‘साठ तीन’मुळे संख्या कशी बनली ते कळतं आणि बाजारात, घरी, बसमध्ये ‘त्रेसष्ट’च ऐकू येणार असल्याने तेही यायलाच हवं. एक शिडी आणि दुसरा माळा, असं समजा.

रोज पाच संख्या अशा घ्या: तुम्ही “त्रेसष्ट” म्हणा. मुलांनी आधी सहा गठ्ठे आणि तीन काड्या मांडायच्या, “साठ तीन, त्रेसष्ट” म्हणायचं, मग ६० च्या कार्डावरच्या शून्यावर ३ चं कार्ड ठेवायचं आणि शेवटी पाटीवर लिहायचं. कार्डावर कार्ड ठेवल्यामुळे ६०३ लिहिण्याची चूकही थांबते. तिसरीत शतकाची कार्डं केली की ‘एकशे पाच’ला १००५ लिहिणाऱ्या मुलांनाही हाच उपाय लागू पडतो.

‘एकोण’ची मंडळी स्वतंत्र घ्या: १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. एकोण म्हणजे एक उणा. तिन्ही चौकटी आणि अख्ख्या ट्रेमधल्या पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळी पूर्ण भरा, म्हणजे चाळीस. त्यातला एक चिंचोका काढा, उरले एकोणचाळीस. रिकामा खळगा दिसला की ‘एकोणचाळीस’ला ४९ लिहिणारा हात थबकतो. नव्व्याण्णव तेवढं या ओळीत बसत नाही, ते तसंच सांगून टाका.

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात कोकणा किंवा वारली बोलणारी, कळवण-बागलाणकडे अहिराणी बोलणारी मुलं असतात. त्यांच्या घरी संख्या कशा म्हणतात ते त्यांनाच विचारा आणि सुरुवातीला मोजणी त्याच बोलीत होऊ द्या. दहाचा गठ्ठा कुठल्याही बोलीत दहाचाच असतो.

पाचवी पायरी: हातचा

३८ + २७. मुलं मांडतात तीन गठ्ठे आठ सुट्या, खाली दोन गठ्ठे सात सुट्या. सुट्या पंधरा झाल्या, त्यातल्या दहांना रबर लावलं, गठ्ठा डावीकडे सरकला. गठ्ठे सहा, सुट्या पाच. पासष्ट. हे आठ-दहा वेळा झालं की पाटीवर उभी मांडणी करा आणि हातचा एक लिहिताना प्रत्येक वेळी विचारा, “हा एक म्हणजे किती?” “दहा” हे उत्तर यायलाच हवं. ते येत नसेल तर ५१५ सारखी उत्तरं दिसतात, कारण मूल पाच आणि पंधरा शेजारी-शेजारी लिहून मोकळं होतं.

वजाबाकीत ५२ – २७ ला ३५ हे उत्तर प्रत्येक वर्गात भेटेल. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन काढतं. बहुतेक वेळा हे आपणच शिकवलेलं असतं. “नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं” हे वाक्य पहिलीत कुणीतरी सहज बोलून जातं आणि ते मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं. हे वाक्य उच्चारूच नका. पाच गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवा आणि म्हणा, “मला सात सुट्या दे.” मूल बघतं, दोनच आहेत, आणि थोड्या वेळाने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. तोवर गप्प बसा, या क्षणी मदत करू नका. चार गठ्ठे, बारा सुट्या. त्यातून सात सुट्या आणि दोन गठ्ठे गेले, उरले पंचवीस. ‘उसना घेतला’ म्हणण्यापेक्षा ‘गठ्ठा सोडला’ म्हणा. उसना म्हटलं की मुलं विचारतात, परत कधी द्यायचा? रास्त प्रश्न आहे.

तिसरीत ४०३ – १२८ अवघड जातं, कारण मधल्या घरात सोडायला गठ्ठाच नाही. आधी शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशकं करायची, त्यातलं एक सोडून दहा सुटे. म्हणजे ३ शतकं, ९ दशकं, १३ सुटे. यासाठी शंभर काड्यांचा जुडगा खरोखर बांधून ठेवा. उत्तर २७५.

सरावासाठी नाशिकच्या मुलांकडे घरचा खजिना आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर त्यांच्या ६१७४ या स्थिरांकामुळे (चार अंकांच्या वजाबाकीचा एक खेळ ज्या संख्येवर येऊन थांबतो ती) जगभर ओळखले जातात. तीन अंकांत हाच खेळ ४९५ वर येऊन थांबतो. तिन्ही सारखे नसलेले तीन अंक घ्या, त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराच्या अंकांवर पुन्हा तेच करा. ५, ३, १ घेतले तर ५३१ – १३५ = ३९६, मग ९६३ – ३६९ = ५९४, मग ९५४ – ४५९ = ४९५. शिक्षकाला तपासायलाही सोपं जातं: तीन अंकी उत्तरात मधला अंक ९ च येतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९. उत्तर ९९ आलं तर ते ०९९ धरायचं. वीस वजाबाक्यांचा गृहपाठ दिला तर मुलं कुरकुरतात, पण ४९५ गाठायला तेवढ्याच वजाबाक्या ती आपणहून करतात.

पाढे

पाढे म्हणून घेणं जुनाट नाही. “बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा” या लयीत ताकद आहे आणि दुणे, त्रिक, चोक हे शब्द दुप्पट, तिप्पट, चौपट हा अर्थ घेऊनच येतात. फक्त अर्थ आधी, लय नंतर. अख्खा अंड्यांचा ट्रे घ्या. पाच-पाचच्या सहा ओळी: पाच सक तीस. ट्रे आडवा फिरवा: सहा पंचे तीस. अंडी तेवढीच. ट्रेचा काही भाग कागदाने झाकून ३ × ४, ४ × ५ असं विचारत राहा. पाठ करायला २, ५, १० आधी. मग ४ (दोनची दुप्पट), ३, ६, ९, ८ आणि शेवटी ७. ओळीने म्हणता येतं पण “सात अठ्ठे?” असं मध्येच विचारलं की मूल पहिल्यापासून सुरू करतं. त्यावर उपाय म्हणजे रोज आठ-दहा गुणाकार उलटसुलट विचारायचे.

भागाकाराची पायाभरणी दोन्ही अंगांनी करा. १२ लाडू ३ जणांत वाटले तर प्रत्येकाला किती, हे वाटप. १२ लाडू प्रत्येकी ३ दिले तर किती जणांना पुरतील, हे गट करणं. उत्तर दोन्हीकडे ४, पण हाताची हालचाल वेगळी.

शाब्दिक उदाहरणं

“‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, ‘जास्त’ आलं की बेरीज” अशी किल्ली देऊ नका. “सईकडे ८ बोरं आहेत, ती रोहनपेक्षा ३ ने जास्त आहेत, तर रोहनकडे किती?” इथे किल्लीवाली मुलं ११ सांगतात. आधी गोष्ट मुलांच्या शब्दांत सांगायला लावा, मग चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा. उत्तर मिळाल्यावर विचारा, “रोहनकडे सईपेक्षा जास्त असू शकतील का?”

घड्याळ आणि मापं घरच्यांवर सोपवली तरी चालतं. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पाव किलो मिरच्या, अर्धा किलो वांगी मुलालाच मागायला लावा, वजनं बघू द्या. ‘पावणेपाच’ला पाच आणि पाव समजण्याची चूक सगळीच मुलं करतात, पावणे म्हणजे पाव उणे, हे ‘एकोण’सारखंच आहे असं सांगितलं की पटकन बसतं. साडेएक आणि साडेदोन नाहीत, त्यांना दीड आणि अडीच म्हणतात, हेही सांगून ठेवा.

चाळीस मिनिटांचा तास

पहिली पाच मिनिटं तोंडी, दहाच्या जोड्या किंवा उलटसुलट गुणाकार. पुढची पंधरा वस्तूंवर. दहा पाटीवर, चित्र आणि अंक. उरलेल्या दहा मिनिटांत दोन-तीन मुलांनी आपण कसं केलं ते सांगायचं, बरोबर आणि चुकलेलं दोन्ही. वेळ कमी पडला तर पाटीची मिनिटं कापा, वस्तूंची नको.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडला येणाऱ्या मजूर कुटुंबांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात बसतात. त्यांना वर्गाच्या चालू पानावर ढकलू नका. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बाजूला घ्या: १३ चिंचोके मोजणं, दहातले लपलेले ओळखणं, ३४ काड्यांचे गठ्ठे, ५२ मधून २७ काढणं. जिथे हात थांबतो तिथून सुरुवात करा. यातली बरीच मुलं पैशांचा हिशोब तोंडी सफाईने करतात, लिहिताना मात्र अडखळतात. अशा मुलाला काड्यांऐवजी दहाच्या आणि एकच्या नोटा द्या. “पन्नास रुपयांतून अठरा गेले” हे तो नोट सुटी करून सोडवतो. मग त्याने जे केलं तेच, त्याच क्रमाने, पाटीवर उभ्या मांडणीत लिहून दाखवा.